मुरबाडचे जावई सुभेदार रामजीबाबा



आज २ फेब्रुवारी. १९१३ साली याच दिवशी सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे मुंबईत निधन झाले. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर आपण कधी विसरत नाही, ही तारीख मात्र बहुतेकांच्या लक्षात नसते. वर्षभरात आपल्यातून गेलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या पुण्यानुमोदनासाठी आपण जमलो आहोत. अशा दिवशी एका नवऱ्याची, एका बापाची आणि एका आजोबाची आठवण काढावी, म्हणून मी उभा आहे.

रामजीबाबा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. तरीही त्यांच्यावर आपला हक्क आहे. त्यांची पत्नी माता भीमाबाई ही मुरबाडकरांची लेक. आपल्या तालुक्यातले आंबेटेंभे हे बाबासाहेबांचे आजोळ. म्हणजे नात्याने रामजीबाबा आपले जावई लागतात, आणि जावयाचे कौतुक माहेरच्यांनी नाही करायचे तर कोणी?

भीमाबाईंचे वडील लष्करात सुभेदार मेजर. घर खाऊनपिऊन सुखी. रामजी मात्र तेव्हा साधे शिपाई. ते पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकत होते, तेव्हा त्यांनी पाठवलेल्या पैशात भागत नसे. म्हणून भीमाबाईंनी रस्त्यावर खडी पसरण्याचे काम केले, पण माहेरी हात पसरला नाही, असे चरित्रकार सांगतात. पुढे रामजीबाबा लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले, सुभेदार झाले. त्या सुभेदारीत या माउलीच्या घामाचा वाटा आहे. चौदा अपत्ये झाली, जगली थोडीच. १८९६ साली साताऱ्याला भीमाबाई गेल्या, तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते. मुलांचे पुढचे सारे रामजीबाबांची बहीण मीराबाई हिने केले.

नंतर रामजीबाबांनी दुसरे लग्न केले. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून लहानग्या भीमाला फार राग येई. बापाच्या जिवावर जगायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याच्या मनाने घेतले होते. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याची पैशाची पिशवीही पळवली. आत निघाला अर्धा आणा! तेव्हा गिरणीचा नाद सोडून त्याने अभ्यासाचा निश्चय केला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलेली आहे. थोरामोठ्यांच्या घरातल्या अशा गोष्टी आपण भाषणात गाळतो. मला त्या गाळाव्याशा वाटत नाहीत. रामजीबाबा देव नव्हते, चार घरांतल्यासारखेच एक संसारी गृहस्थ होते.

पण बाप म्हणून त्यांनी काय केले ते विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. पेन्शनवर जगणारे हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सरपण, त्यातच निजायचे. अभ्यासाला शांतता कुठली? रामजीबाबा भीमरावांना लवकर निजवीत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोन वाजता मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत, आणि मग त्या जागेवर आपण आडवे होत. एका माणसाच्या झोपेपुरती जागा बापलेकांनी अशी वाटून घेतली. आमच्या घरी मुलगा अभ्यास करतो तेव्हा मी टीव्हीचा आवाज कमी करतो आणि त्यालाच मोठा त्याग समजतो.

भीमरावांना पुस्तकांचा हव्यास. अभ्यासाची सोडून इतर पुस्तके ते जास्त मागत. हाताशी पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींच्या दारात जात. धाकटीकडे नसले तर थोरलीकडे. पैसे नसले तर ती अंगावरचा दागिना काढून देई. तो सावकाराकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि पेन्शन हाती आली की रामजीबाबा दागिना सोडवून मुलीला परत करीत.

मी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बसतो. जून महिन्यात, शाळा-कॉलेजे उघडताना, आमच्याकडे काय येते ते मला माहीत आहे. मंगळसूत्र, फुले, एखादी बारीक अंगठी. भात झोडून झाले की काही सुटते, काही सुटत नाही. कर्जाच्या अर्जावर कारण लिहायचे असते, ‘मुलाचे शिक्षण’. ‘मुलीचे शिक्षण’ हे शब्द त्या रकान्यात फार क्वचित माझ्या हाताखालून जातात.

माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी थोरल्या ताईचे कानातले असेच गेले होते. ते सुटून आले की नाही, हे मी तिला कितीतरी वर्षे विचारले नाही. विचारले तेव्हा ती म्हणाली, “आले की रे, तिसऱ्या वर्षी. तोवर कानात कडुलिंबाची काडी घालून राह्यले, नाहीतर भोकं बुजली असती.” ताई आज समोरच बसली आहे. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि मी बी.ए. आहे.

भीमरावांचा सत्कार करायचे ठरले तेव्हा रामजीबाबा प्रथम तयार नव्हते. कौतुकाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना भीती. दादा केळुस्करांच्या मध्यस्थीमुळे सभा झाली, आणि त्याच सभेत केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

१२ डिसेंबर १९१२ रोजी रमाईंच्या पोटी यशवंत जन्मला, आपले भय्यासाहेब. जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीवर गेले. रामजीबाबांना ते पसंत नव्हते, पण मुलगा गेला. थोड्याच दिवसांत तार आली, वडील अत्यवस्थ. भीमराव निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले. रामजीबाबांची नजर त्यांनाच शोधत होती. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. घरात नातू बावन्न दिवसांचा होता. भय्यासाहेबांना या आजोबांचा चेहरा आठवणेही शक्य नव्हते.

रामजीबाबांनी मुलाची परदेशातली एकही पदवी पाहिली नाही. १९२३ साली लंडनला बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाचा इतिहास आणि चलनाचे शास्त्र त्यात आहे. बँकेच्या परीक्षेच्या वेळी मी तो हाती घेतला होता, आणि खरे सांगायचे तर निम्मा कळला नाही. पण अर्पणपत्रिका कळली. बाबासाहेबांनी तो आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे, आणि शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली आहे. रस्त्यावर खडी पसरणारी मुरबाडची लेक आणि रात्री दोनपर्यंत जागणारा तिचा नवरा, दोघेही त्या एका पानावर आहेत.

माझ्या मुलीने यंदा बारावीनंतर नाशिकला शिकायला जायचे म्हटले आहे. अर्जाचा तो रकाना या जूनमध्ये मी स्वतः भरणार आहे. ताईलाही मी ते सांगितले आहे.

जयभीम.