दाढेवरची टोपी आणि तोंडातले पाणी



बीडला काय किंवा अंबाजोगाईला काय, दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तर हल्ली एक नाव कानी पडते : झिर्कोनिया. किडलेली दाढ साफ करायची आणि वर या पांढऱ्या पदार्थाची टोपी बसवायची. ‘एकदा बसवा, जन्मभर बघायला नको,’ असे सांगणारेही भेटतात. ऊसतोडीच्या उचलीतून कोणी हा खर्च करणार असेल, तर ‘जन्मभर’ हा शब्द जरा पारखून घेतलेला बरा.

झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम धातूचे ऑक्साईड. नुसते असेल तर भट्टीतून काढल्यावर निवताना ते फुगते आणि तडकते. म्हणून त्यात थोडे इट्रियमचे ऑक्साईड मिसळतात. मग त्याचे कण दबून राहतात. फुगायची ओढ मात्र त्यांच्यात शिल्लक असते. १९७५ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी दाखवले, की ही ओढच उपयोगाची आहे. कुठे तडा जाऊ लागला, की त्याच्या टोकाशी असलेले कण सुमारे ४ टक्के फुगतात आणि तड्याला दाबून धरतात.

आपले काळे रान आठवा. वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस पडला की माती फुगून त्या मिटतात. पण तीच माती घराच्या पायाखाली असेल तर फुगून भिंत तडकवते! (गुरुजींना वर्गात दाखवायला काळ्या मातीचे एक ढेकूळ पुरे.)

झिर्कोनियाचेही असेच आहे. त्यालाही पाणी लागते. १९८१ साली जपानी संशोधकांना आढळले, की २०० ते ३०० अंश उष्णतेत ते काही काळ ठेवले तर कमकुवत होते. मागाहून ध्यानात आले की यात पाण्याची वाफ कारण आहे. अंगाच्या उष्णतेला हीच क्रिया चालते, पण फार सावकाश. पृष्ठभागावरचे कण गरज नसताना फुगतात, उचलले जातात, बारीक तडे पडतात आणि त्यांतून पाणी आणखी आत शिरते. तोंड तर सदैव ओले!

२००१ साली फ्रान्समध्ये बनलेले खुब्याचे कृत्रिम गोळे शेकड्यांनी फुटले आणि ते परत मागवावे लागले. पदार्थ तोच होता, भाजण्याची भट्टी मात्र बदलली होती. तेव्हा टोपी कशाची आहे एवढेच विचारून भागत नाही. ती नीट भाजली आहे का, हेही पाहावे लागते.

याची परीक्षा १३४ अंशांच्या वाफेत ५ तास ठेवून करतात. अशा वाफेतला एक तास म्हणजे अंगातली तीन-चार वर्षे, असा हिशेब धरतात. मात्र त्यात भाकरी चावण्याचा जोर धरलेला नाही. असे असले तरी घाबरू नका. चांगली बनवलेली टोपी निव्वळ म्हातारपणाने सहसा फुटत नाही. दिसायला अधिक पारदर्शक असा जो प्रकार आहे, त्यात इट्रियम जास्त असते. त्याला पाणी फारसे बाधत नाही, पण त्याची ताकद जवळजवळ निम्मी. तो पुढच्या दातांना शोभेल. दाढेला जुना, दणकट प्रकारच बरा.

टोपीला कीड लागत नाही, खालच्या दाताला लागते. म्हणून हिरडीजवळची कड रोज घासा. आणि चावा जुळावा म्हणून डॉक्टरांनी टोपी घासली, तर ती पुन्हा गुळगुळीत करून मागायला संकोचू नका. खरखरीत टोपी समोरची दाढही झिजवते.