केमोथेरपीचे दिवस : घराने व गावाने काय जाणावे
(दर्यापूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव आपल्या शेजारचेच. त्यांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगी तेथे उतरतात. पण मुंबई असो वा नागपूर, रुग्ण औषध घेऊन पुष्कळदा गावीच परततो, आणि औषधाचे परिणाम दिसतात ते घरी. म्हणून त्यांची माहिती गावालाही हवी.

स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली तरी रोगाच्या सूक्ष्म पेशी शरीरात अन्यत्र उरलेल्या असू शकतात. त्यांच्या नाशासाठी शिरेतून औषधे देतात, हीच केमोथेरपी. कित्येकदा ती शस्त्रक्रियेपूर्वीही देतात. बहुधा दर २१ दिवसांनी एक, अशी चार ते आठ आवर्तने होतात.

वेगाने वाढणाऱ्या पेशींवर ही औषधे आघात करतात. केसांची मुळे, तोंडाचे अस्तर व अस्थिमज्जा यांतील पेशीही वेगाने वाढणाऱ्या. त्यांनाही झळ पोहोचते. मळमळ होते, तोंड येते, थकवा वाटतो. मळमळीवर आज चांगली औषधे आहेत. केस दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. उपचार संपल्यावर ते पुन्हा येतात. अ‍ॅड्रियामायसिन हे लाल औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी तांबडी होते. ते रक्त नव्हे. ताजे शिजवलेले अन्न घ्यावे. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे मचूळ पाणी टाळून नळाचे पाणी उकळून भरपूर प्यावे.

एका गोष्टीस मात्र विलंब चालत नाही. औषधानंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटतात. अशा वेळी ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला, तर घरची तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. जंतुसंसर्ग काही तासांत प्राणावर बेतू शकतो. रात्र असली तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे व केमोथेरपी चालू असल्याचे तेथे प्रथम सांगावे.

‘औषधानेच बाई खंगली’ असे शेजारी म्हणतात आणि उपचार अर्धवट सुटतो. त्यात मोठा धोका आहे. त्रास असह्य झाल्यास डॉक्टर औषधाची मात्रा बदलू शकतात. बंद करण्याचा निर्णय घरी घेऊ नये. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तिचे ताट वेगळे मांडण्याचे कारण नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या उपचाराचा समावेश आहे. तिची कागदपत्रे वेळेवर मिळवून देणे हे अधिकाऱ्यांचे काम. शिक्षकांनी रुग्णाच्या मुलांकडे लक्ष द्यावे. पंचायत सदस्यांनी गावात तापमापक व रात्रीच्या वाहनाची सोय आहे ना, हे आजच पाहावे. रुग्णालय औषध देईल. ते पूर्ण होईपर्यंत तिला धीर देण्याचे काम आपले आहे.