बिनसाखरेचा चहा आणि चार बिस्किटं
(मंडळाच्या महिला कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत साखरेवर बोलायला उभं राहणं म्हणजे लोकांचा घास कडू करणं, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधीच सांगतो, मोदकाविरुद्ध आमची तक्रार नाही. उलट आज आम्ही मोदकाची बाजू मांडायला आलो आहोत.

आमच्यापैकी एका घरी आबांना बरीच वर्षं मधुमेह आहे. चहा बिनसाखरेचा, लग्नाकार्यात जिलबीला हात नाही. तरी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली की आकडा चढलेलाच. घरात सगळ्यांना एकच संशय, आबा चोरून गोड खातात. लाडवांचा डबा वरच्या फळीवर गेला, नातवाला लक्ष ठेवायला सांगितलं. आबा भांडले नाहीत, नुसते गप्प झाले. गेल्या वर्षी आरतीनंतर प्रसादाचं ताट समोर आलं तेव्हा त्यांनी हात जोडले आणि ताट पुढे सरकवलं. ते पाहून आम्हा सगळ्यांनाच कसंसं झालं.

मग आम्ही चार घरांनी मिळून एक वही घातली. पाकिटातून, बरणीतून, बाटलीतून जे पोटात जातं त्यात साखर किती, एवढंच त्यात लिहायचं. हिशोब सोपा ठेवला : ४ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत पोषणाचा तक्ता असतो. त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर अशा दोन ओळी असतात. आकडा बहुधा १०० ग्रॅमचा असतो, आपण खाल्लेल्या बिस्किटांचा नव्हे. तिथेच फसायला होतं.

आबांचा एक दिवस वहीत असा उतरला. सकाळी बिनसाखरेच्या चहाबरोबर चार साधी, फिकट बिस्किटं, संध्याकाळी पुन्हा चार : १० ग्रॅम. दुपारी दोन टोस्ट : ५ ग्रॅम. भज्यांबरोबर टोमॅटो सॉसचा एक मोठा चमचा : ४ ग्रॅम. रात्री 'ताकद येते' म्हणून दुधात घातलेली पावडर : ७ ग्रॅम. बेरीज २६ ग्रॅम, म्हणजे साडेसहा चमचे. आबांनी चोरी केलीच नव्हती. ती साखर आम्हीच ताटलीत ठेवून, प्रेमाने त्यांच्या हातात देत होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगलं. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे सुमारे १२ आणि ६ चमचे होते. निरोगी माणसाचं हे माप. मुलांकडे पाहा : गोंदियाच्या गाडीत बसताना आपण हातात देतो ती ३०० मिलीची थंड पेयाची बाटली, तिच्यात एकटीतच साधारण आठ चमचे!

साखर नावं बदलूनही येते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, सगळी एकाच घरची भावंडं. घटकांच्या यादीत ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी येतं. साखर तीन नावांत वाटली गेली, की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि मैदा, ओट्स वर दिसतात. म्हणून पहिलं नाव वाचून थांबू नका. गूळ आणि मध हेही याच हिशोबात धरायचे. फळांचा रसही धरायचा. अख्खं फळ आणि साधं दूध मात्र नाही. दुधात स्वतःची साखर असते, म्हणून तक्त्यात 'वरून घातलेली' ही ओळ बघायची.

बाजारातल्या सुट्या टोस्ट-खारीवर लेबलच नसतं. तिथे बेकरीवाल्याला विचारायचं, किलोभर मैद्याला साखर किती घालता? आम्ही विचारलं. तो हसला, पण त्याने सांगितलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मधुमेहात नुसती साखर मोजून भागत नाही. आपल्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या सुवासिक भाताचाही शेवटी रक्तात ग्लुकोजच होतो. भाताचं माप, चालणं आणि डॉक्टरांचं औषध, तिन्ही सांभाळावं लागतं. आबांचा पुढच्या तपासणीतला आकडा थोडा उतरला, पण त्या काळात औषधही बदललं होतं. सगळं श्रेय आम्ही वहीला देत नाही.

आता मोदकाची बाजू. आमच्या मापाने एका मोदकात दोन चमचे गूळ जातो. मोदक ते लपवत नाही. गोड आहे हे जिभेला कळतं, एक-दोन खाल्ले की हात थांबतो. महालक्ष्म्यांचं पुरणही वर्षातून एकदाच. बिस्किटं मात्र वर्षाचे ३६५ दिवस, दोन वेळा, आणि त्यांना गोड म्हणून कुणी मोजतच नाही.

आबांच्या घरी आता चहाबरोबर फुटाणे किंवा साधे मुरमुरे असतात. रात्रीचं दूध नुसतं, हळद घालून. डॉक्टरांना विचारून या वर्षी पहिल्या दिवशी आरतीनंतर आबांनी एक मोदक घेतला. नातवाने लगेच विचारलं, "आबा, वहीत लिहू?" आबा म्हणाले, "लिही. आणि माझ्या नावापुढे 'चोर' लिहिलं होतं, ते खोड."

मंडळी, या दहा दिवसांत तुम्हीही एक वही घाला. चार ग्रॅमला एक चमचा, एवढं लक्षात ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसावर संशय घेण्याआधी स्वयंपाकघरातली पाकिटं एकदा उलटी करून बघा.

गणपती बाप्पा मोरया!