लिथियम-आयन सेलांची जुळणी : घरी बांधलेल्या स्पीकरसाठी

हातात उचलून कुठेही नेता येणारा स्पीकर घरी बांधणे आता अवघड राहिलेले नाही. प्लायवूडची पेटी, दोन स्पीकर, तळहातावर मावणारा ॲम्प्लिफायर आणि ब्लूटूथचा बोर्ड एवढे साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत गोळा होते. या साऱ्यात बॅटरीकडे मात्र सर्वांत शेवटी लक्ष जाते, आणि ते योग्य नाही, कारण पेटीचा सांधा चुकला तर आवाज बिघडतो, पण लिथियम-आयन सेलांची जुळणी चुकली तर घरात आग लागू शकते.

लिथियम-आयन सेल १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला आणि त्यामागील संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरगुती कामात जो सेल सर्रास वापरला जातो तो १८६५० या आकड्याने ओळखला जातो, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी आणि दंडगोल आकार. त्याचे व्होल्टेज, म्हणजे विद्युतदाब, सरासरी ३.६ असते, पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ होते, आणि उतरताना ते साधारण ३ च्या खाली जाऊ न देणे चांगले. सेल किती वीज साठवतो हे मिलिअँपिअर-तासांत सांगतात. या आकाराच्या उत्तम सेलाची क्षमताही साधारण ३५०० च्या आसपास संपते, त्यामुळे ज्याच्या वेष्टनावर ९९०० असा आकडा छापलेला आहे तो सेल त्या आकड्यामुळेच नाकारावा.

एका सेलाचे व्होल्टेज ॲम्प्लिफायरला पुरत नाही, म्हणून एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला जोडत व्होल्टेजची बेरीज केली जाते. ही एकसर जोडणी. सारखी टोके एकत्र जोडली की व्होल्टेज तेच राहते आणि क्षमता वाढते. ही समांतर जोडणी. मध्यम आकाराच्या स्पीकरसाठी दोन-दोन सेलांच्या चार जोड्या एकापुढे एक जोडणे सोयीचे पडते. २५०० मिलिअँपिअर-तासांचे आठ सेल घेतल्यास १४.४ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास, म्हणजे ७२ वॅट-तास ऊर्जा हाती येते. गाणे मोठ्याने वाजत असले तरी ढोलाचा ठोका पडतो तेवढ्या क्षणापुरतीच विजेची मागणी उसळते आणि सरासरी खर्च बराच कमी राहतो. तो १० वॅट धरला तर हा पॅक सुमारे सात तास पुरतो.

येथपर्यंतचे गणित कोणालाही जमते. खरा प्रश्न चार जोड्यांच्या समानतेचा आहे आणि नवशिक्यांचे दुर्लक्ष नेमके तेथेच होते. चार्जर पॅकच्या फक्त दोन टोकांकडे पाहतो आणि १६.८ व्होल्ट झाले की काम पूर्ण झाले असे मानतो. परंतु एका जोडीची क्षमता इतरांपेक्षा कमी असेल, तर ती आधी भरते. तीन जोड्या ४.१ व्होल्टवर असताना चौथी ४.५ वर गेली, तरी बेरीज १६.८ च येते आणि चार्जरला काहीही वावगे दिसत नाही. त्या चौथ्या जोडीत मात्र ग्राफाइटवर धातुरूप लिथियमचा थर बसू लागतो, विद्युतद्रावणाचे विघटन होते, आणि त्यातून निर्माण झालेली उष्णता आणखी विघटन घडवत गेली की आग आटोक्यात आणणे फार कठीण होते. उतरतानाही हेच उलट दिशेने घडते: तीन जोड्या ३.४ वर आणि दुबळी जोडी २ वर असली तरी एकूण १२.२ व्होल्ट मिळत राहतात, गाणे सुरूच राहते, आणि व्होल्टेज असेच आणखी खाली जात राहिले तर दुबळ्या सेलातील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुढच्या चार्जिंगमध्ये ते तांबे भलत्या जागी जमून सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

यासाठी पॅकवर बीएमएस नावाचा संरक्षक बोर्ड बसवतात, जो बारीक तारांनी प्रत्येक जोडीचे व्होल्टेज स्वतंत्रपणे पाहतो आणि मर्यादा ओलांडली जाताच परिपथ तोडतो. काही बोर्ड भरलेल्या जोडीतील थोडी वीज रोधातून जिरवून समतोलही साधतात, मात्र अनेक स्वस्त बोर्डांत ही सोय नसते, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. सोय असली तरी तिच्यावर किती विसंबायचे याला मर्यादा आहे. ५० मिलिअँपिअरने जिरवणाऱ्या बोर्डाला ५ अँपिअर-तासांच्या जोडीतील एक टक्का फरक मिटवायला एक तास लागतो, दहा टक्क्यांना दहा तास. आणि मुळात क्षमताच असमान असेल तर ती कोणताही बोर्ड वाढवून देत नाही. म्हणून सेल निवडतानाच त्यांची क्षमता मोजून सारख्यांशी सारखे जुळवावे लागतात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल पूर्ण चार्ज करून काही आठवडे तसेच ठेवावेत आणि ज्याचे व्होल्टेज इतरांपेक्षा खाली आले असेल तो बाजूला काढावा. समांतर जोडण्यापूर्वी दोन्ही सेलांचे व्होल्टेज मल्टिमीटरने पाहून सारखे करून घ्यावे, नाहीतर जोडताक्षणी एकातून दुसऱ्यात मोठा प्रवाह धावतो.

सेलाचे धन टोक जवळून पाहण्यासारखे असते. मधली उंच टोपी तेवढी धन असते. तिच्याभोवतीची गोल कड हा सेलाच्या डब्याचाच भाग असल्याने ऋण असते, आणि दोहोंमध्ये जेमतेम एक बारीक फट आणि वर प्लास्टिकचे पातळ वेष्टन असते. निकेलची पट्टी त्या कडेवर दाबली गेली आणि कंपनांनी वेष्टन घासले गेले की शॉर्ट झालाच. म्हणून पट्टी बसवण्याआधी टोपीभोवती जाड कागदी इन्सुलेशनचे कडे चिकटवतात. पट्टी स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे क्षणभर मोठा प्रवाह सोडून, जोडतात, कारण सोल्डरिंगची उष्णता बराच वेळ सेलाच्या आत झिरपते आणि तेथील सील व विभाजक पडदा खराब करू शकते.

स्पीकरच्या पेटीची स्वतःचीही एक अडचण आहे. निकेल चुंबकाकडे ओढले जाते, त्यामुळे पट्टीचा कापलेला तुकडा पेटीत राहिला तर तो स्पीकरच्या चुंबकाकडे धाव घेतो आणि वाटेत पॅक उघडा असेल तर तेथे अडकतो. पॅकसाठी पेटीत वेगळा कप्पा करावा, पॅक तेथे घट्ट बसवावा, स्प्रिंगच्या होल्डरवर भिस्त ठेवू नये, आणि धन तारेवर पॅकच्या अगदी जवळ फ्यूज घालावा. चार्जर आधी स्थिर प्रवाह आणि शेवटी स्थिर व्होल्टेज देणारा, नेमका १६.८ व्होल्टचा असावा. बहुतेक उत्पादक ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्येच चार्जिंगची परवानगी देतात, तेव्हा विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी गच्चीवर किंवा बंद मोटारीत स्पीकर चार्जिंगला लावणे टाळावे.

ज्यांना वजन थोडे वाढलेले चालेल त्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाचे सेल घ्यावेत, हाच अधिक शहाणपणाचा पर्याय ठरतो: ते तापून पेटण्याची शक्यता बरीच कमी असते आणि ते अधिक वेळा चार्ज होतात. मात्र त्यांचे व्होल्टेज ३.२ असल्याने चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात आणि त्यांना १४.६ व्होल्टचा चार्जर व त्यांच्यासाठीच बनवलेला बीएमएस लागतो. निवडीतून बाद झालेल्या सेलांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावेत. घंटागाडीत टाकलेला सेल कचऱ्याखाली दाबला जाऊन तेथेच पेट घेऊ शकतो.