दिवाळीच्या ऑर्डरी घेण्याआधी: लाडवाचा हिशोब
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. बऱ्याच गटांनी मागितलं म्हणून त्यांनी ते लिहून दिलं. ते इथे छापत आहोत.)



आधी एक विनंती. मला मॅडम म्हणू नका. इथल्या निम्म्या जणींनी मला पहिल्या दिवशी भाकरी वाढली आहे. नुसतं ताई म्हटलं तरी पुष्कळ झालं, आणि मोठ्या मंडळींनी नावानं हाक मारली तर जास्त बरं वाटतं.

आज विषय गोडाचा आहे. दिवाळी महिन्यावर आली. कुणाच्या गटाला लाडवाची ऑर्डर आली असेल, कुणाला करंज्यांची. "ताई, भाव काय लावू?" असे मला या आठवड्यात सहा-सात फोन आले. म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांसमोर बोलू. लाडू कसा करायचा हे मी तुम्हाला शिकवणार नाही. तेवढी माझी लायकी नाही. माझे अनारसे अजून तुपात हसतात. मी बोलणार आहे ते हिशोबाबद्दल. आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

गेल्या दिवाळीत आपल्या एका गटाला तालुक्याच्या गावाहून वीस किलो बेसन लाडवांची ऑर्डर आली. गटाचं नाव घेत नाही, त्या बसल्यात इथंच, आणि हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. त्यांनी मला विचारलं, भाव किती? मी नवीन होते. कॉलेजातून शिकून आलेलं डोक्यात होतं की बाजारात शिरायचं तर दुकानापेक्षा कमी भाव ठेवावा. मी सांगून टाकलं, ३४० रुपये किलो लावा. सामान वगैरे ३०० ला पडतंय, चाळीस सुटतील.

लाडू उत्तम झाले. वेळेत पोचले. पैसे आले ६८०० रुपये. सामानाचे ६००० गेले. उरले ८००. बायका आठ. प्रत्येकीला शंभर. फोटो काढला, मी तो मोठ्या कौतुकानं ग्रुपवर टाकला.

पुढच्या दोन बैठकांना एक जण आलीच नाही. बचतही आली नाही. मी घरी गेले. आधी ती काही बोलेना. मग म्हणाली, "ताई, दोन रात्री मी चुलीपुढून उठले नाही. बेसन भाजायचं काम सगळं माझ्याकडं. जिनं येऊन तासभर डबे भरले तिलाही शंभर, मलाही शंभर. सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस रोजानं गेली असतीस तर सहाशे आणले असतेस. मी काय सांगू त्यांना?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. डबे भरणाऱ्या ताईची चूक नव्हती. गटाचीही नव्हती. आम्ही तूप मोजलं, साखर मोजली, वेलदोडेसुद्धा मोजले. बाईचा तास तेवढा कुणी मोजला नाही. आणि भाव सांगणारी मी होते.

मग आम्ही सगळ्या एका दुपारी वही घेऊन बसलो. तो हिशोब तुम्हाला सांगते. आकडे त्या गावचे आहेत. तुम्ही तुमच्या बाजाराचे भाव धरा, रीत तीच ठेवा.

एक घाणा धरू. हरभऱ्याची डाळ जाडसर दळून आणलेलं बेसन १ किलो, दळणासकट ११० रुपये. साजूक तूप अर्धा किलो, ६५० च्या भावानं ३२५. पिठीसाखर ८०० ग्रॅम, ४० रुपये. वेलदोडा, काजू, बेदाणे ६०. गॅस २५. अर्ध्या किलोचे चार डबे, लेबलसकट ४० रुपये. बेरीज ६००. यातून लाडू होतात साधारण २ किलो २०० ग्रॅम. चार डबे भरले की वरचे २०० ग्रॅम उरतात. ते बाजूला ठेवा, त्यांच्याबद्दल शेवटी बोलते. म्हणजे विकायच्या दोन किलोला ६००, किलोला ३००. इथपर्यंत आमचा जुना हिशोब बरोबर होता.

आता वेळ. बेसन मंद आचेवर भाजायला पाऊण तास. गडबड केली की वरून लाल दिसतं आणि आत कच्चं राहतं, ते टाळूला चिकटतं. मग दुधाचा हबका, निवायला ठेवणं, साखर चाळणं, मळणं, वळणं, डबे भरणं, भांडी घासणं. भांडी घासणं विसरू नका, तेही कामच आहे. दोन बायकांना दोन-दोन तास धरले तर एका घाण्याला चार तास. वीस किलोला दहा घाणे, म्हणजे चाळीस तास. उरले होते ८०० रुपये. भागा चाळीसनं.

तासाला वीस रुपये.

खुरपायला गेलं तर रोज ३००, काम सहा तास. तासाला पन्नास. म्हणजे आपण रात्र जागून, डोळ्यांत धूर घेऊन, खुरपणीच्या निम्म्याहून कमी पैशात लाडू केले. शिवाय तालुक्याला जायचं भाडं आणि फोन यात धरलेच नव्हते. सासूबाई कडक बोलल्या, पण त्यांचा हिशोब आमच्यापेक्षा पक्का होता.

मग नवा भाव असा निघाला. सामान किलोला ३००. मजुरी, घाण्याला चार तास पन्नासनं २००, म्हणजे किलोला १००. भाडं, फोन, फुटतूट यासाठी ४०. झाले ४४०. त्यावर गटाच्या खात्यासाठी ६०. एकूण ५०० रुपये किलो.

आकडा ऐकून अध्यक्षताई म्हणाल्या, "एवढ्यानं कोण घेतंय?" शंका खरी होती. यंदा महालक्ष्म्यांच्या फराळासाठी या भावानं विचारलं तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांपैकी काही जण खरंच तुटले. ऑर्डर वीसवरून बारा किलोवर आली. पण बारा किलोचे आले ६०००. सामान ३६००, वरखर्च ४८०. मजुरी २४ तासांची १२००, ती ज्यांनी जेवढे तास काम केलं त्यांना तेवढी. गटाच्या खात्यात ७२०. बारा किलोत वीस किलोपेक्षा जास्त पैसे हातात आले, आणि कुणालाही दोन रात्री जागावं लागलं नाही. ती ताई परत येते. भाजायचं काम अजून तिचंच आहे, कारण तिच्यासारखं कुणाला जमत नाही. पण तिचे तास आता वहीत आहेत.

आपण पंचसूत्री म्हणतो: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. कर्जाचा रुपयान् रुपया आपण लिहितो. मग कामाचा तास का नाही लिहायचा? फराळाच्या वहीत एक पान करा. नाव, काम, आली किती वाजता, गेली किती वाजता, आणि सही. एवढं पान असेल तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

आता भाव ५०० घ्यायचा तर मालही तसाच पाहिजे. त्यासाठी काही गोष्टी पाळा.

साजूक तूप सांगितलं तर साजूकच घाला. अर्धं वनस्पती तूप मिसळायचं असेल तर भाव कमी करा आणि लेबलावर तसं लिहा. एकदा गिऱ्हाइकाची जीभ फसली की पुढची दिवाळी गेली.

बेसन कोमट झाल्याशिवाय साखर घालू नका. गरमात साखर विरघळते आणि लाडू बसतो. लाडू पुरते गार होईपर्यंत डब्याचं झाकण लावू नका. आत वाफ धरली की चार दिवसांत बुरशी. डबे आणि हात कोरडे पाहिजेत.

करंजीत ऑर्डरीसाठी सुकं खोबरंच वापरा. ओल्या नारळाची करंजी चवीला वरचढ, पण ती घरच्यांसाठी, त्याच दिवशी खायला. करंजीच्या कडेला दुधाचं बोट फिरवून नीट दाबा. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवा. कड वाळली की तळताना तोंड उघडतं, सारण तेलात पडतं आणि सगळा घाणा काळा होतो. तळणाचं तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नका.

खव्याच्या मिठाईची ऑर्डर शक्यतो घेऊ नका. आपल्याकडं फ्रीज नाही, लाईटचा भरवसा नाही. घ्यायचीच असेल तर ओळखीच्या गवळ्याचा ताजा खवा घ्या आणि त्याच दिवशी माल पोचवा. शंका आली तर थोडा खवा पाण्यात उकळून गार करा आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा झाला तर त्यात पीठ मिसळलंय.

अनारसे करणाऱ्यांनी आजच तारीख मोजा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग फडक्यावर सावलीत सुकवून, दमट असतानाच कुटून चाळायचे. बरोबरीनं गूळ घालून गोळे मुरायला ठेवायचे. यात आठ-दहा दिवस जातात, त्यामुळे आठवडाभर आधी आलेली ऑर्डर घेऊच नका. एक सुचवते. तयार अनारशाचं पीठ विका. शहरातल्या बायकांना तळायचं असतं, पण भिजवत-कुटत बसायला वेळ नसतो. तुपात हसला तर तो त्यांच्या कढईत हसेल, पण तरी एक चिठ्ठी द्या डब्यात: पहिला एक तळून बघा, विरघळला तर पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळा.

आता कागदाचं. विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, घरगुती उद्योगालाही. नोंदणी ऑनलाईन होते. चौदा अंकी नंबर मिळतो. आपल्या सीआरपी ताईंना सांगा, आपण मिळून करू. लेबलावर पदार्थाचं नाव, आत काय काय आहे, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील, गटाचं नाव-पत्ता, तो नंबर आणि चौकटीतला हिरवा ठिपका. काजू-शेंगदाणे असतील तर तेही स्पष्ट लिहा, काहींना ते बाधतात.

आणि उचल. निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय तूप आणू नका. ओळखीचे असले तरी. "पाव्हण्याकडून काय मागायचे" असं म्हणत एका गटाकडं पाच किलो शंकरपाळी पडून राहिली होती. भांडवल कमी पडत असेल तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या, खासगी सावकाराकडं जाऊ नका. घेतलेलं कर्ज आणि त्याचं व्याज दोन्ही भावात धरा.

शेवटी ते २०० ग्रॅम.

माझी आई दिवाळीत करंज्या करायची. पहिला घाणा देवाला. मग आम्ही पोरं, मग वडील, आजी, शेजारचे डबे. आईच्या ताटात मी कधी धड करंजी बघितली नाही. फुटलेल्या तेवढ्या तिच्या. मी लहानपणी समजायचे की तिला फुटक्याच आवडतात. मागच्या वर्षी नोकरी लागल्यावर मी तिच्यासाठी तुमच्या गटातून अर्धा किलो लाडू नेले. तिनं डबा उघडला आणि विचारलं, "कुणाला द्यायचेत?" मी म्हटलं, तुलाच. तर म्हणाली, "अख्खे?"

म्हणून सांगते. प्रत्येक घाण्यातले वरचे २०० ग्रॅम विकू नका आणि पोरांसाठी पदरातही बांधू नका. काम झालं की हात धुवा, चहा ठेवा, आणि जिनं भाजलं, जिनं वळलं, जिनं डबे भरले त्या सगळ्या तिथंच बसून अख्खा लाडू खा. त्याची किंमत मी वरच्या हिशोबात आधीच धरली आहे. दोन किलोला ६०० म्हटलं ना, त्यातच तो आला.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या एका पदार्थाचा असा हिशोब लिहून आणायचा आहे. बेरीज चुकली तरी चालेल, आपण मिळून नीट करू. तासांचा रकाना मात्र रिकामा ठेवू नका.

दिवाळीच्या तुम्हाला सगळ्यांना शुभेच्छा. आणि हो, अनारसे कुणी करणार असाल तर मला बोलवा. या वर्षी मला शिकायचेच आहेत. माझे तास लिहू नका.