मराठवाड्याचे मत फिरते म्हणजे काय?

(हर्सूल येथील व्याख्यान)



निवडणुकीचा निकाल लागला की गावोगाव एकच वाक्य ऐकू येते : ‘या वेळी वारे फिरले.’ वारे कोणी फिरविले, किती फिरले, की मुळात फिरलेच नाही, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. परंपरेने चालत आले किंवा मोठ्या माणसाने सांगितले, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी मानू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला, हे आपण विहारात ऐकले आहे. तो उपदेश मतपेटीलाही लागू पडतो. म्हणून आज मी आपणांसमोर मतांचा हिशेब मांडणार आहे. हिशेब रुक्ष असतो, पण तो ऐकून घ्यावा अशी विनंती आहे.

1996 साली महाराष्ट्रातील लोकसभेच्या 48 जागांपैकी शिवसेना-भाजप युतीने 33 जागा जिंकल्या. तिला पडलेली मते शेकडा 38 च्या थोडी वर होती. 1998 साली तिची मते वाढून शेकडा 42 वर गेली, आणि जागा? अवघ्या 10! पुढल्याच वर्षी, 1999 मध्ये, मते पुन्हा 38 वर उतरली आणि जागा झाल्या 28. म्हणजे ज्या वर्षी लोक युतीकडे अधिक संख्येने आले त्या वर्षी युती बुडाली, आणि ज्या वर्षी लोक तिला सोडून गेले त्या वर्षी ती तरली. आता सांगा, वारे कोणीकडे वाहत होते?

याचे उत्तर युतीच्या मतांत नाही. तिच्या विरोधकांच्या एकीत व बेकीत आहे. 1998 साली काँग्रेस आणि रिपब्लिकन गट एकत्र उभे राहिले. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून निवडून आले, तेही खुल्या मतदारसंघांतून. राखीव जागेच्या कुबडीवाचून आपली माणसे संसदेत जाऊ शकतात हे त्या वर्षी सिद्ध झाले. त्याच निवडणुकीत औरंगाबादची जागा शिवसेनेकडून काँग्रेसचे रामकृष्णबाबा पाटील यांच्याकडे गेली. नंतर जून 1999 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस निघाली, दोन्ही काँग्रेस परस्परांविरुद्ध लढल्या, रिपब्लिकन पुढारीही आपापल्या वाटांनी गेले, आणि औरंगाबादेतून चंद्रकांत खैरे निवडून आले. पुढे 2019 पर्यंत ते तेथून हलले नाहीत. दीड वर्षात या शहरातील माणसांची मने दोनदा पालटली असे मानण्याचे कारण नाही. माणसे बहुतांशी होती तेथेच होती. पुढाऱ्यांनी मधल्या भिंती पाडल्या आणि पुन्हा उभारल्या.

परंतु मने कधीच पालटत नाहीत, असेही मी म्हणणार नाही. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्र काँग्रेसवर उलटला, तेव्हा मराठवाडा बव्हंशी काँग्रेसबरोबर राहिला आणि औरंगाबादेने स्वामी रामानंद तीर्थांना निवडून दिले. निजामाविरुद्धचा लढा ज्यांनी लढविला त्यांना लोक लगेच सोडावयास तयार नव्हते. मात्र ही कृतज्ञता वीस वर्षांत आटली. 1977 साली याच शहराने जनता पक्षाचे बापू काळदाते यांना पाठविले. काँग्रेसला सोडण्याची सवय मतदारास शिवसेना येण्यापूर्वीच लागली होती, हे ध्यानात ठेवावे.

आणि 1978 साल उजाडले. 27 जुलै रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. पुढे काय झाले ते आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. नांदेड, परभणीकडे आपल्या वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. ठरावाच्या बाजूने हात वर करणारे पक्ष गावात आपल्याच कार्यकर्त्यांना आवरू शकले नाहीत, पुष्कळ ठिकाणी त्यांना आवरावेसेही वाटले नाही. सोळा वर्षे रेंगाळून 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत नामांतराला उघड विरोध करणाऱ्या शिवसेनेने मराठवाड्यात पाय रोवले. 1988 साली औरंगाबाद महापालिकेची पहिली निवडणूक झाली, तीत ती सर्वांत मोठी ठरली. 1989 मध्ये मोरेश्वर सावे लोकसभेवर गेले.

केवळ द्वेषावर हे घडले असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. रझाकारांच्या आठवणी होत्याच, त्या मुद्दाम चेतविल्या गेल्या. परंतु मूठभर मराठा घराण्यांच्या काँग्रेसमध्ये ज्या लहान जातींच्या तरुणांना उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे, त्यांना सेनेने शाखा दिली, पद दिले, उमेदवारी दिली. हा धडा कटू आहे, पण आपण तो शिकला पाहिजे. ज्यास घरात कोणी विचारीत नाही तो शेजाऱ्याकडे जातो. शेजाऱ्याचे विचार तपासून जात नाही.

आता आपल्या मताकडे वळतो. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन व 3 ऑक्टोबर 1957 रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष यांचे हत्ती हे चिन्ह आपल्या आजोबांना पाठ होते. 1964 च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा आपली माणसे हजारोंनी तुरुंगात गेली. त्यानंतर काही वर्षांतच दादासाहेब गायकवाडांच्या गटाने काँग्रेसशी समझोता केला, आणि मग गट किती झाले याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. आपले मत काँग्रेसकडे गेले ते आपण काँग्रेसवर भाळलो म्हणून नाही; आपल्या हत्तीच्या पाठीवर बसावयास जागा उरली नाही म्हणून गेले. असे मत पुढारी ‘एकगठ्ठा’ म्हणून मोजतात व दुसऱ्यास देऊ करतात. गठ्ठा कोणी बांधला, दोरी कोणाच्या हाती, हे ज्याचे मत त्यासच ठाऊक नसते.

2019 सालची गोष्ट ताजी आहे. 2 ऑक्टोबर 2018 रोजी याच शहरात जबिंदा मैदानावर प्रकाश आंबेडकर आणि असदुद्दीन ओवैसी यांची मोठी सभा झाली. पुढल्या वर्षी इम्तियाज जलील 3,89,042 मते घेऊन निवडून आले. खैरे यांना 3,84,550 मते पडली. अंतर अवघे 4,492. बौद्ध व मुसलमान एकत्र आले म्हणून हे घडले, असे आपण अभिमानाने सांगतो. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की, हर्षवर्धन जाधव यांनी त्याच निवडणुकीत 2,83,798 मते घेतली. ती बहुतेक खैरे यांच्याच अंगणातील होती. काही महिन्यांत वंचित आणि एमआयएम यांची युती मोडली आणि त्याच वर्षीच्या विधानसभेत शहरातील तिन्ही जागा सेना-भाजपकडे गेल्या.

2024 साली सेनेचे दोन तुकडे झाले होते, तरी शिंदे गटाचे संदिपान भुमरे 4,76,130 मते घेऊन आले. जलील यांची मते 3,41,480 वर उतरली. वंचितच्या उमेदवारास सुमारे 69 हजार मते मिळाली. ही दोन्ही एकत्र केली तरी भुमरे यांच्या बेरजेस पोहोचत नाहीत. ‘आपण वेगळे झालो म्हणून हरलो’ असे जे सांगतात त्यांनी ही बेरीज एकदा करावी.

शेजारच्या जालना मतदारसंघात, ज्यात या शहराच्याही काही वस्त्या मोडतात, 1996 पासून भाजपचा खासदार होता. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, आणि 2024 मध्ये तेथे काँग्रेसचे कल्याण काळे निवडून आले. मराठवाड्यातील आठ जागांपैकी महायुतीस औरंगाबाद ही एकच मिळाली. सहा महिन्यांनी विधानसभेत त्याच महायुतीने मराठवाड्यातील बहुसंख्य जागा घेतल्या. हे मत खरोखर फिरले होते, आणि पुष्कळसे परतही आले. दुखावलेला मतदार शिक्षा करतो. पण शिक्षा केल्यावर घर बदलतोच असे नाही.

राखीव जागांविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. 1932 च्या पुणे करारापासून राखीव जागेवर उमेदवार आपला, पण त्यास निवडणारे मतदार सर्व, अशी रचना आहे. धर्मांतरित बौद्धांना तर 1990 चा कायदा होईपर्यंत अनुसूचित जातीचा दर्जाच नव्हता, त्यामुळे बौद्ध म्हणून त्या जागेवर उभेही राहता येत नसे. औरंगाबाद पश्चिम हा विधानसभा मतदारसंघ राखीव आहे. तेथून 2009 पासून सलग चार वेळा शिवसेनेचे संजय शिरसाट निवडून आले. नामांतराच्या काळात जो पक्ष समोर उभा होता त्याचाच उमेदवार राखीव जागेवर चारदा येतो, यात आपल्या वस्त्यांचा वाटा किती आणि इतरांचा किती? याविषयी पारावर पुष्कळ बोलले जाते. आकडे पाहून बोलणारा मला क्वचित भेटला.

आकडे मिळू शकतात. कोणत्या मतदान केंद्रावर कोणास किती मते पडली याचा तक्ता निवडणूक आयोग प्रसिद्ध करतो. त्यास नमुना 20 म्हणतात. आपल्या केंद्राचे 2019 व 2024 चे तक्ते मिळवावेत. केंद्रांच्या हद्दी मध्यंतरी बदलल्या असतील, तेव्हा वस्तीची नावे जुळवून घ्यावी लागतील. येत्या रविवारी वंदना झाल्यावर ते तक्ते विहारात एकत्र बसून वाचू. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलींनी वही-पेन्सिल घेऊन पुढे बसावे, बेरजा त्या करतील. आणि पुढाऱ्यांनी, आले तर, मागे बसावे.