चिखलातलं दप्तर



मी पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही, खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, बांधाआड भात पिकवणारा माणूस आहे. अलिबागेतल्या या परिषदेचा स्वागताध्यक्ष व्हा म्हणून निरोप आला, तेव्हा मला एक खांड आठवली. मी शाळेत असताना श्रावणातल्या उधाणात आमचा बाह्यकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, फुटला. खांड बुजवायला सारा गाव चिखलात उतरला. पुरुषभर खाली काळाकुट्ट थर लागला. त्यात तिवरांची मुळं होती, कालवांच्या शिंपा होत्या. “शेताच्या आधी इथं खाडी होती,” आजोबा म्हणाले. खाडीच्या आधी काय होतं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर समोरच्या मुंबईत मिळतं. 1870च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना गाळाखाली खैराचं रान निघालं. शेकडो झाडं, त्यातली कितीतरी उभीच, मुळं खालच्या जमिनीत घट्ट रोवलेली. खैर खाऱ्या पाण्यात उगवत नाही. ज्या जागी पुढे जहाजं लागली, तिथं एके काळी कोरडं रान होतं. जमीन खचली की पाणी चढलं, यावर तज्ज्ञ बोलतीलच. पण सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होता, एवढं नक्की. मुंबईसमोरचा समुद्रतळ उथळ आणि रुंद आहे. त्यामुळे इथला किनारा तेव्हा दोनशे किलोमीटरहून अधिक पश्चिमेला असणार. मग बर्फ वितळलं, पाणी हजारो वर्षं चढत राहिलं, नद्यांची मुखं बुडून खाड्या झाल्या. साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी चढण्याचा वेग मंदावला. खाडीत गाळ साचायला उसंत मिळाली, त्या गाळात तिवर रुजलं.

हे सगळं घडताना माणूस इथंच होता. नौदलातले अधिकारी टॉड यांनी कांदिवलीपासून साष्टीच्या किनाऱ्यापर्यंत फिरून दगडी हत्यारं गोळा केली, त्यांवर 1939मध्ये लेख लिहिला. त्या हत्यारांतली काही पाती नखाएवढी आहेत. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळात कोरलेला गेंडा आहे, हत्ती आहे आणि पाकट मासाही आहे. आज कोकणात गेंडा नाही. पण कोरणाऱ्या हाताला तो माहीत होता, तसा समुद्रही माहीत होता. ही कातळशिल्पं 2022मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, याचा मला फार आनंद आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे त्या माणसांचं पाण्याशी भांडण नव्हतं. किनारा सरकला की तीही सरकत असतील. आपण बांध घातला आणि थांबलो. बांधाने पोटं भरली, त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पण भरती अडली की गाळही अडतो. बाहेर खाडीचं पात्र उथळ होत जातं, आतलं शेत खालीच राहतं. तिवर तोडून तो काळा चिखल वाळवला, की त्यातलं गंधक हवेने आंबतं आणि पीक जळतं. खारेपाटातल्या म्हाताऱ्यांना हे पुस्तकाविना कळतं.

म्हणून या व्यासपीठावरून एक मागणं मागतो. पुलासाठी, जेटीसाठी खाडीत भोकं घेतली जातात. नळीतून दहा-वीस मीटर खोलीचा गाळ वर येतो, त्याची मजबुती तपासतात आणि बहुतेक वेळा तो टाकून देतात. त्याच गाळात परागकण असतात, सूक्ष्म शिंपले असतात, जळक्या लाकडाचा कोळसा असतो. रान कधी होतं, खारं पाणी कधी शिरलं, माणसाने आग कधी लावली, हे त्यावरूनच वाचता येतं. त्या नळ्यांतला निम्मा गाळ, किती खोलवरचा त्याची नोंद करून, जिल्ह्यातच एका कोरड्या खोलीत जपून ठेवावा. खोलीसाठी जागा मी माझ्या घरची देतो. अभ्यासकांनी फक्त तो कसा ठेवायचा ते शिकवावं.

उद्या सकाळी ओहोटीला आपण त्या जुन्या खांडीवर जाणार आहोत. काठ अजून उघडा आहे, काळा थर हाताला लागतो. गावातली पोरं फावडी घेऊन सहा वाजता वाट पाहतील.